पावसाच्या तोंडावर अडलेला घरचा कॉम्प्युटर: दापोली तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

दापोली तालुक्यातल्या मुरुड-कर्दे-हर्णै पट्ट्यातलं हे घर. घरच्यांच्या परवानगीने लिहितो आहे. नावगाव आणि ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. कौलारू घर, मागे नारळ-पोफळीचं आगर, वर डोंगराच्या कडेला हापूसची कलमं, आणि बाजूला पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन-तीन खोल्या. घरात शाळेतून निवृत्त झालेले काका, थोरला मुलगा (दादा), सून (वहिनी) आणि दहावीची नात. धाकटा मुलगा पुण्याला नोकरीला.

कॉम्प्युटर २०१४ चा, धाकट्याच्या डिप्लोमासाठी घेतलेला. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क, विंडोज १०. धाकटा पुण्याला गेला आणि कॉम्प्युटर सगळ्या घराचा झाला. वहिनी त्यावर खोल्यांचं बुकिंग आणि बिलं करतात, दादा आंब्याच्या पेट्यांचा हिशेब आणि गिऱ्हाइकांचे पत्ते ठेवतात, काका देवस्थानचा आणि वाचनालयाचा पत्रव्यवहार टाइप करतात, नातीचा अभ्यास असतोच. मी तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्तीची कामं करतो, त्यामुळे असे कॉम्प्युटर नेहमी पाहतो. घरचा कॉम्प्युटर म्हटलं की लोकांना खेळ आणि सिनेमा आठवतो. इथे मात्र तो बंद पडला तर आंब्याचे पैसे अडतात.

अडचण

२०२५ साली मोसमी पाऊस २५ मेलाच कोकणात उतरला. आंब्याच्या शेवटच्या पेट्या जायच्या होत्या आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर अडला. सुरू व्हायला सहा-सात मिनिटं. पत्त्यांची फाइल उघडायला टिचकी मारली की गोल चक्र फिरत राहायचं. मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून.

दुसरी तक्रार वेगळीच होती. बँकेचं पान उघडेना, मेल उघडेना, "तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही" असं यायचं. घरच्यांनी इंटरनेटवाल्याकडे तक्रार केली, तो येऊन राउटर बदलून गेला, फरक शून्य. वहिनींनी एक बिल दाखवलं. छापलेली तारीख होती १ जानेवारी २०१४. पर्यटकाने ते बिल ऑफिसात लावायला नेलं आणि परत पाठवलं.

तिसऱ्या गोष्टीबद्दल कुणी तक्रार केलीच नव्हती. नात कॉम्प्युटरवर बसायच्या आधी रबरी चपला घालत होती. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "डब्याला हात लागला की झिणझिण्या येतात ना, म्हणून." घरात सगळ्यांना ते माहीत होतं आणि सगळ्यांना त्याची सवय झालेली होती.

त्याआधी एका दुकानात दाखवून झालं होतं. तिथला सल्ला दोन वाक्यांचा होता: फॉरमॅट मारा, नाहीतर नवीन लॅपटॉप घ्या. लॅपटॉपची किंमत बेचाळीस हजाराच्या आसपास सांगितली होती. काकांना फॉरमॅट म्हणजे काय हे नीट ठाऊक नव्हतं, पण त्यात फोटो जातात एवढं माहीत होतं. "अरे, आमच्या हिचे सगळे फोटो त्यात आहेत," ते म्हणाले. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. त्या एका वाक्यानंतर कामाचा क्रम ठरायला वेळ लागला नाही.

तपासणीत काय आढळलं

कॉम्प्युटर ओटीवर, पश्चिमेच्या खिडकीखाली, जमिनीवर ठेवलेला. समुद्राचा वारा थेट त्याच खिडकीतून येतो. वर प्लॅस्टिकचं कव्हर, वापर नसेल तेव्हा घातलेलं. निसर्ग चक्रीवादळात, ३ जून २०२०ला, या घराची अर्धी कौलं उडाली आणि वीज यायला कित्येक आठवडे लागले. तेव्हा कॉम्प्युटर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळल्यामुळे वाचला, म्हणून कव्हर कायमचं झालं. वादळात ते बरोबर होतं. एरवी मात्र प्लॅस्टिक आतला दमटपणा आतच धरून ठेवतं, आणि या किनाऱ्यावर दमटपणा म्हणजे नुसतं पाणी नसतं, त्यात मीठ असतं.

झाकण उघडलं. पॉवर सप्लायच्या पंख्यावर मीठ आणि धूळ यांचा चिकट थर, कोपऱ्यात पालीची अंडी, यूएसबीच्या तोंडाशी हिरवट पूड. रॅम बाहेर काढली तर तिच्या सोनेरी पट्ट्या काळवंडलेल्या. मदरबोर्डवरचा बटणसेल, सीआर २०३२ म्हणतात तो, ३ व्होल्टचा असतो. इथे मीटरवर दीडच्या आत. वीज पूर्ण बंद असताना कॉम्प्युटरचं घड्याळ हाच सेल चालवतो. तो मेला की पिन काढल्यावर तारीख मागे जाते. बँकेच्या आणि मेलच्या पानांच्या सुरक्षेच्या प्रमाणपत्रांना मुदत असते. कॉम्प्युटरला आज २०१४ साल आहे असं वाटलं तर ती प्रमाणपत्रं त्याला खोटी वाटतात. फरक फार मोठा असला तर विंडोज आपणहून वेळ दुरुस्त करत नाही. म्हणजे राउटर बदलण्याची गरजच नव्हती. चाळीस-पन्नास रुपयांचा सेल होता.

मंदपणाचं कारण दुसरं. विंडोजमधला टास्क मॅनेजर, म्हणजे कोणता भाग किती कामात आहे ते दाखवणारी खिडकी, उघडला की डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर चिकटलेला. क्रिस्टल डिस्क इन्फो हे फुकट सॉफ्टवेअर डिस्कची स्वतःची नोंद वाचून दाखवतं. त्यात पिवळा इशारा होता: काही भाग वाचता येत नव्हते आणि डिस्क तेच भाग पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत होती. त्यावर दोन अँटिव्हायरस, एक विंडोजचा आणि एक कधीतरी डाउनलोड झालेला, आणि सुरुवातीलाच उघडणारी डझनभर सॉफ्टवेअरं.

मग झिणझिण्या. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला गोंगाट अर्थिंगकडे वळवणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग तुटलेलं असलं की डब्यावर पुरवठ्याच्या साधारण निम्मा व्होल्टेज तरंगत राहतो. करंट अगदी थोडा, म्हणून माणूस दगावत नाही, नुसती चुणचुण होते. पण अर्थिंग नसणं हे सगळ्या घरालाच धोक्याचं. मीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, ठीक. फेज आणि अर्थिंगमध्येही जवळपास तेवढाच आकडा दिसायला हवा होता. इथे तो स्थिर राहीचना, कधी ९०, कधी १४०. मागच्या दारी जाऊन पाहिलं तर अर्थिंगचा लोखंडी पाइप जमिनीलगत गंजून तुटलेला, वायर नुसतीच लोंबत होती. आमच्याकडचा जांभा उन्हाळ्यात कोरडा पडला की वीज जमिनीत नीट मुरू देत नाही, त्यात पाइपच तुटलेला. कॉम्प्युटर ज्या बोर्डला लावला होता त्यावर "स्पाइक गार्ड" असं लिहिलं होतं. त्यातला बचावाचा जो भाग जादा दाब अर्थिंगकडे वळवतो, तो अर्थिंगच नसेल तर काही करू शकत नाही.

समोरचे पर्याय

ओटीवरच बसलो. वहिनींचा कल नव्या लॅपटॉपकडे होता आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, वीज गेली तरी बिल अर्धवट राहत नाही, गडगडाट सुरू झाला की पिन काढून काम करता येतं. शिवाय विंडोज १० ची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबणार होती आणि हा जुना प्रोसेसर विंडोज ११ ला चालत नाही. त्याला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. मग जुन्यावर पैसे कशाला घालायचे?

दुसरा पर्याय पुण्याहून आठव्या पिढीचा वापरलेला ऑफिस-डेस्कटॉप आणण्याचा. असे कॉम्प्युटर लॅपटॉपच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळतात आणि विंडोज ११ चालवतात. तिसरा, आहे त्यातच एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी जलद डिस्क) आणि रॅम घालायची. चौथा लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी प्रणाली, फुकट, जुन्या यंत्रावर हलकं, मराठी टायपिंगही होतं. पेनड्राइव्हवरून चालवून दाखवलं. नातीला आवडलं. पण वहिनींचं बिलाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, आणि ऐन पर्यटकांच्या दिवसांत बिलाची पद्धत बदलायची त्यांची तयारी नव्हती. दादांनी ओळखीच्या एकाने सुचवलेला मार्गही विचारला: तपासणी चुकवून विंडोज ११ बसवायचं. ते बसतं, पण अशा यंत्राला अपडेट मिळत राहतील याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. बँकेचं काम ज्या यंत्रावर होतं तिथे मी ते करू नये म्हटलं.

निर्णय फिरला तो एका साध्या प्रश्नावर: कोणता खर्च या यंत्राबरोबर बुडणार आणि कोणता पुढच्या यंत्रालाही उपयोगी पडणार? अर्थिंग घराचं आहे, ते राहणारच. यूपीएस, म्हणजे वीज गेली की थोडा वेळ कॉम्प्युटर चालवणारी बॅटरी, पुढच्या डेस्कटॉपला लागेल. २.५ इंची साटा एसएसडी काढून दुसऱ्या यंत्रात घालता येते. बुडणार ती फक्त जुन्या डीडीआर-३ प्रकारची रॅम, सात-आठशे रुपयांची. उलट नवा लॅपटॉप त्याच तुटलेल्या अर्थिंगच्या बोर्डला लावला असता, त्याच खिडकीशी ठेवला असता, तर बेचाळीस हजार त्याच खाऱ्या वाऱ्यात गेले असते. हिशेब मांडल्यावर वहिनी म्हणाल्या, "मग आधी लाइट नीट करा, बाकीचं मागून."

काय केलं

लाइटच्याही आधी फोटो. डिस्क मरायला टेकली असेल तर तिच्यावर दुरुस्तीचा कोणताही प्रोग्राम चालवायचा नसतो. चेक डिस्क नाही, डिफ्रॅग तर नाहीच. ती जेवढी फिरेल तेवढी झिजते. विंडोज सुरू केलं की ते आपल्या फाइली लिहीत बसतं, म्हणून पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने कॉम्प्युटर सुरू केला आणि बाहेरच्या १ टीबीच्या डिस्कवर नकला काढायला सुरुवात केली. क्रम मोलाचा: पहिले काकूंचे फोटो, मग आंब्याचा हिशेब, बिलाचा डेटा, काकांची पत्रं, शेवटी सिनेमे. २०१७ च्या गणपतीच्या फोल्डरवर नक्कल अडली. तिथे हट्ट न करता तो फोल्डर सोडून पुढे गेलो आणि सगळं झाल्यावर मागे आलो. त्यातले दोन व्हिडिओ आणि थोडे फोटो हाती लागले नाहीत. बाकीचं सगळं आलं.

नकला काढताना तीन गोष्टी हमखास विसरतात. पहिली, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा. तो डॉक्युमेंट्समध्ये नसतो, सी ड्राइव्हवर त्या सॉफ्टवेअरच्याच फोल्डरमध्ये लपलेला असतो. दुसरी, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि बुकमार्क. तिसरी, मराठी घरांत सगळ्यात महत्त्वाची, जुने फॉन्ट. काकांची जुनी पत्रं युनिकोडच्या (मराठी अक्षरं सगळ्या यंत्रांवर सारखीच दिसतात ती पद्धत) आधीच्या फॉन्टमध्ये होती. तो फॉन्ट नसेल तर फाइल उघडते, पण पानभर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधले ते फॉन्ट उचलून पत्रांच्या शेजारीच ठेवले. नवी पत्रं आता काका युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट कळफलकावर टाइप करतात. बोटांना जुनी सवय होती, पण शिक्षक माणूस. कळफलकाचा कागद भिंतीला चिकटवला आणि बसले.

मग वायरमन. नवा अर्थिंगचा खड्डा मागच्या दारी, मोरीचं पाणी जिथे पोफळींना सोडलंय त्याच्या शेजारी घेतला, म्हणजे उन्हाळ्यातही ओल राहील. आकडे जुळले. नातीने अनवाणी पायांनी डब्याला हात लावून पाहिला.

यूपीएस घ्यायचा की घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर टाकायचा, हा मधला प्रश्न होता. इन्व्हर्टर चांगला साइन वेव्हचा, म्हणजे लाइनसारखीच वीज देणारा असला आणि मागचं बटण यूपीएसवर ठेवलं तर चालतं. पण या घरचा इन्व्हर्टर सुरू झाला की पंखे घुंऽऽ करायचे; ती स्क्वेअर वेव्हची, म्हणजे ओबडधोबड विजेची खूण. त्यावर कॉम्प्युटर न टाकता ६०० व्हीएचा यूपीएस घेतला, व्होल्टेज थोडा वरखाली झाला तर स्वतः सावरून घेणारा. दहा-पंधरा मिनिटं पुरतात, काम साठवून बंद करायला तेवढी पुष्कळ.

कॉम्प्युटर ओटीवरून माजघरात गेला, आतल्या भिंतीशी, जमिनीपासून वीतभर उंच लाकडी घडवंचीवर, मागे हवा खेळेल एवढी जागा ठेवून. ब्लोअर आणि मऊ ब्रशने साफसफाई, रॅमच्या पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या, नवा सेल, आणखी ४ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर उतरवणं सोपं होतं, पण मग जुना कचरा आणि बिघडलेल्या फाइलीही आल्या असत्या. म्हणून विंडोज १० कोरं बसवलं. अँटिव्हायरस एकच, विंडोजचा. सुरू होताना आपोआप उघडणारी सॉफ्टवेअरं स्टार्टअपच्या यादीतून बंद. प्रत्येकाचा वेगळा युजर; वहिनींचा ॲडमिनचा पासवर्ड फक्त त्यांच्याकडे. जाताना एक गोष्ट सांगितली जी लोकांना खोटी वाटते: विंडोज १० मध्ये "शट डाउन" केल्यावर यंत्र बहुधा पूर्ण कोरं होत नाही, फास्ट स्टार्टअपमुळे थोडं झोपल्यासारखं राहतं. अडायला लागलं तर "रीस्टार्ट" करायचं.

पावसाळ्यासाठी घरच्यांशी ठरलं ते असं. कॉम्प्युटर रोज तासभर तरी चालवायचा, त्याच्याच उबेने आतला दमटपणा जातो. प्लॅस्टिकचं कव्हर बंद. बंद करून गार झाल्यावर सुती कापड. छपाईचे कागद झाकणाच्या डब्यात, नाहीतर दमट कागद प्रिंटरमध्ये अडकतात. गडगडायला लागलं की कॉम्प्युटरची पिन काढायचीच, आणि राउटरच्या ॲडाप्टरचीही, शिवाय राउटरमधून येणारी लॅनची वायरही. फायबरची काच वीज वाहून आणत नाही, पण ॲडाप्टर आणि लॅनची तांब्याची वायर आणते. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप दादांच्या फोनवर घातलं. जवळपास वीज पडण्याची शक्यता ते आधी कळवतं.

नकलांची व्यवस्था दोन ठिकाणी लावली. एक बाहेरची डिस्क घरात लोखंडी कपाटात, काम झालं की कॉम्प्युटरपासून सोडवून ठेवायची. दुसरी पुण्याला धाकट्याकडे. तो आला की अदलाबदल. हिशेब आणि बिलं गूगलच्या फुकट १५ जीबीतही जातात, फोटो त्यात मावत नाहीत. एकाच घरातल्या दोन नकलांचा भरवसा नको, हे निसर्ग वादळाने त्या घराला आधीच दाखवलं होतं.

निकाल

सुरू व्हायला आता अर्धा मिनिटही लागत नाही. मदरबोर्ड तोच, प्रोसेसर तोच. जुनी डिस्क एका सेकंदात विखुरलेल्या जागांवरचं शंभर-सव्वाशे वेळा वाचू शकते, एसएसडी हजारो वेळा. फरक बहुतेक तिथून आला. बिलावर तारीख बरोबर येते, बँकेचं पान उघडतं. अर्थिंग, यूपीएस, एसएसडी, रॅम, बाहेरची डिस्क आणि मजुरी धरून खर्च लॅपटॉपच्या किमतीच्या निम्म्याच्याही आत राहिला.

गणपतीत मात्र एकदा गडबड झाली. मुंबईहून आलेल्या पुतण्याने लेझर प्रिंटरची पिन मोकळी दिसली म्हणून यूपीएसमध्ये घातली. लेझर प्रिंटर तापताना एकदम बरीच वीज ओढतो; यूपीएसने आरडाओरडा केला आणि सगळं बंद. एक अर्धवट बिल गेलं, इतर काही नाही. आता त्या सॉकेटांवर काकांच्या अक्षरात चिठ्ठी आहे: "फक्त कॉम्प्युटर, मॉनिटर व राउटर."

ऑक्टोबरमध्ये विंडोज १० ची मुदत संपली तेव्हा मायक्रोसॉफ्टची एक वर्षाची वाढीव सुरक्षा योजना घेतली. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन करून सेटिंग सिंक केलं की ती विनाशुल्क मिळते. ती १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे.

वेगळं काय करता आलं असतं

जुनी डिस्क अचानक गेली नव्हती. वर्षभर ती मंदावत होती. वर्षातून दोनदा, समजा गणपतीच्या आधी आणि आंब्याच्या हंगामाआधी, डिस्कची नोंद तपासली असती तर २०१७चा फोल्डरही वाचला असता. आणि झिणझिण्या आल्या त्याच दिवशी वायरमनला बोलवायला हवं होतं. धातूच्या डब्याला हात लावल्यावर चुणचुण होत असेल तर तो कॉम्प्युटरचा प्रश्न समजून बसू नका. तेच अर्थिंग फ्रिजला आणि पाण्याच्या पंपालाही लागतं.

वापरलेल्या डेस्कटॉपच्या पर्यायाबद्दल मला अजूनही वाटतं की बिलाचं आणि बँकेचं काम एवढं वाढलेल्या घराने तो मेमध्येच घेतला असता तरी चाललं असतं. वर्षभराची मुदत मिळाली आणि डोक्यावरची घाई गेली, हे या वाटेचं खरं देणं. रॅमचे सात-आठशे त्या मुदतीची किंमत म्हणून मी धरतो.

पुढचा बेत ठरला आहे. २०२६च्या गणपतीच्या आधी, ऑक्टोबरची मुदत संपायच्या कितीतरी आत, आठव्या पिढीचा किंवा पुढचा वापरलेला डेस्कटॉप पुण्याहून धाकटा पाहून आणेल. एसएसडी त्यात जाईल, बिलं आणि बँक तिकडे. या जुन्या यंत्रात छोटी एसएसडी घालून लिनक्स मिंट, काकांच्या पत्रांसाठी आणि नातीसाठी. जुने फॉन्ट तिथेही चालतात का, ते पेनड्राइव्हवरून आधीच पाहून झालं आहे. चालतात.